कासरा कुणी सोडला, दाजी?

दाजी, पळालात ना शेवटी.

नाताळ तोंडावर आलेला, मांडवाचे बांबू चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि तुम्ही सकाळचा अर्धा चहा कपात टाकून निघून गेलात. डॉक्टर म्हणतात हृदय थांबलं. पाळकसाहेब म्हणतात प्रभूनं आपल्या माणसाला विसावा दिला. खरं कारण मला एकटीला माहीत आहे. या नाताळला तुम्हाला सगळ्या मंडळीसमोर उभं राहून म्हशीबद्दल कबुली द्यायची होती. उन्हाळ्यात रंकाळ्यावर भेळ खाताना माझ्या हातावर हात मारून तुम्ही शब्द दिला होता, "सुवा, ह्या खेपेला सांगतो. मंडळीसमोर. सगळं." आणि कोडोलीच्या माणसाला स्वतः दिलेला शब्द मोडायचा झाला, तर मेल्याशिवाय त्याला दुसरी सोय नसते.

हरकत नाही. तुम्ही गेलात, पण मी आहे, आणि माझी जीभ शाबूत आहे.

तुम्हाला मातीत ठेवून आलो त्याच संध्याकाळी मी सूड घ्यायला सुरुवात केली. तुमचा तो कान तुटलेला कप, ज्याला तुम्ही नातवंडांना हात लावू देत नव्हतात, त्यातून मी चहा प्यायले. फुर्रफुर्र आवाज करून. तुम्ही कपाटाच्या वर, जुन्या बायबलच्या मागं लपवलेली गोड लिंबाच्या लोणच्याची बरणी मी शोधून काढली. साखर वाढलेल्या माणसानं गोड लोणचं लपवायला ती जागा निवडावी, यावरून तुमची भक्ती किती खोल होती ते कळतं. बरणी मी संपवली. मला लिंबाचं लोणचं आवडत नाही. तरी संपवली.

आणि रविवारी चर्चमध्ये मी तुमची जागा पटकावली, तिसऱ्या खिडकीजवळची, पंख्याखालची. आक्का माझ्या शेजारी बसली. तुम्हा दोघांत गीतांचं पुस्तक एकच असायचं. दोघांना सगळी गीतं पाठ, तरी तुम्ही ते उघडून धरायचात आणि पान ती उलटायची. त्या दिवशी तिनं पुस्तक मांडीवर मिटून ठेवलं होतं. मी ते उघडून धरलं. तिनं पान उलटलं नाही. म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले, आणि मग मला तुमचं गुपित कळलं. इतकी वर्षं प्रवचन चालू असताना तुम्ही मान वर करून खिडकीतून पाहायचात, डोळे ओलसर व्हायचे, आणि बायाबापड्या म्हणायच्या, बघा दानिएलराव कसे स्वर्गाकडं बघतात. त्या खिडकीतून स्वर्ग दिसत नाही, दाजी. तुमच्या घराचं धुराडं दिसतं. तुम्ही मटण चुलीवर ठेवून यायचात आणि धुराचा रंग बघत बसायचात.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं आणि हे सांगून टाकलं. वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. ते हसायला लागले.

"मला ठाऊक होतं की," ते म्हणाले. "दानिएलरावांनी नाकाला रुमाल लावला, की समजायचं रस्सा खाली लागाय लागला. मग मी आटोपतं घ्यायचो. दुपारी जेवायला मीच असायचो न्हवं?"

हा सूड वाया गेला. तेव्हाच मला समजायला हवं होतं की तुम्ही जिवंत असताना माझ्या हाती लागला नाहीत, तर मेल्यावर कसे लागाल.

पण म्हशीचं प्रकरण मी सोडणार नव्हते. तुम्हाला ते पाठ आहे. पण सूड म्हटला की साक्षीदार लागतात, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आक्काचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी सोळा वर्षांची, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून नाताळच्या सुट्टीला पहिल्यांदाच तुमच्याकडं कोडोलीला राहायला आले होते. तोवर आमच्या गल्लीतल्या गणपतीसमोर मी दरवर्षी नाटकात काम करायचे. ख्रिस्ती घरातली पोर शेजारच्या मांडवात जिजाबाई व्हायची आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मला मोठं होऊन काय व्हायचंय असं कुणी विचारलं की मी सांगायचे, स्टेजवर जाणार. चेष्टा नव्हती ती. माझ्या अंगात दुसरं काही नव्हतंच.

तुम्ही नाताळच्या नाटकाचे सर्वेसर्वा. गोठ्यातल्या बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा तुम्हीच करायचात. डोक्याला कोल्हापुरी फेटा, अंगात तुमच्या वडिलांचा कोट, आणि ओठावर तुमच्याच म्हशीच्या शेपटीचे केस डिंकानं चिकटवून केलेली मिशी. यहूदियाचा राजा शिंकला की मिशी हातात यायची. मला तुम्ही एकदा बोलून दाखवायला सांगितलंत. मी बोलले. तुम्ही आक्काला हाक मारलीत, "अगं, हितं ये. तुझी भन बघ. हिचा आवाज पन्हाळ्यावर ऐकू जाईल." आणि गावच्या दोन पोरींना बाजूला सारून तुम्ही मला देवदूत केलंत. तो उपकार मी विसरलेले नाही. पुढं जे केलंत तेही विसरलेले नाही.

मग म्हैस आली.

"बेथलेहेमात म्हैस कुठनं आली, दाजी?" मी विचारलं होतं. आपलं पहिलं भांडण.

"गोठा हाय न्हवं?"

"व्हय."

"मग गोठ्यात म्हस नको? नुसती मेंढरं बांधलेला गोठा कोल्हापूर जिल्ह्यात कोण बघाय येणार हाय?"

त्यावर मी म्हटलं, तो गोठा कोल्हापूर जिल्ह्यातला नाही. तुम्ही म्हणालात, "बघणारी माणसं हाईत की." या भांडणाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. तुम्ही आता ज्यांच्याजवळ आहात त्यांना विचारून घ्या. आणि उत्तर माझ्या बाजूनं आलं, तर लपवू नका.

तुमची म्हैस नुकती व्यायलेली. नाव चिमणी. चारही दिशांना भिंत असावी तशी ती म्हैस होती, आणि नाव चिमणी. रेडकू घरी बांधलेलं, आणि चिमणीला मांडवामागं लिंबाला. प्रवेश आला की तुम्ही तिला धरून आणायची, गोठ्यात नुसतं उभं करायचं आणि परत न्यायची, असं ठरलं होतं. इकडं स्टेजवर मरिया आणि योसेफ बसलेले. गव्हाणीत कापडाची बाहुली, तुमच्या आईनं स्वतः शिवलेली. आणि गव्हाणीत गवताऐवजी काय भरलं होतं? उसाचं वाढं. हिरवंगार, त्याच दिवशी फडातून आणलेलं, उसाचे कोवळे शेंडे. व्यायलेली म्हैस लिंबाला आणि तिच्या नाकासमोर वाढ्यानं भरलेली गव्हाणी, ही चूक दुनियेत फक्त आपल्या माणसांनी करावी.

मी टेबलावर चढलेले. पिंजलेल्या कापसाचे पंख पाठीला बांधलेले. समोर आख्खं गाव, हिंदू, मुसलमान, आपली मंडळी, झाडावर पोरं. मी दोन्ही हात पसरले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, "भिऊ नका!"

आणि चिमणी आली.

धावत नाही आली. लग्नात मुलाची आत्या येते तशी आली, सावकाश, कुणाकडंही न बघता. योसेफ पहिल्यांदा पळाला. मरिया बाळाला टाकून पळाली. मेंढपाळ मांडवाच्या खांबावर चढले. मी टेबलावर एकटी, हात पसरलेले, आणि लोक ओरडत होते, "म्हण की परत! भिऊ नका म्हण की!" चिमणीनं गव्हाणीत तोंड घातलं आणि वाढं खायला लागली. वाढ्याबरोबर बाहुलीचा पाय. मग तुम्ही हेरोदाची तलवार उगारून धावत आलात. म्हशीनं राजाला ओळखलं नाही, मिशी मात्र ओळखली असावी. ती बिथरली आणि मागं सरली. मागं बाजाची पेटी होती.

गोऱ्या मिशनरी बाई जाताना ठेवून गेलेली ती पेटी. तुमच्या आई ती दर रविवारी वाजवायच्या आणि वाजवून झाल्यावर तिच्यावर मुलाला दुलई घालावी तसं कापड घालायच्या. चिमणीचा मागचा पाय तिच्यातून आरपार गेला. तो आवाज मला अजून आठवतो. सगळे सूर एकदम.

तुमच्या आई उठून उभ्या राहिल्या. त्या रागावल्या की ओरडत नसत, म्हणून तर गाव त्यांना घाबरायचं. त्यांनी एवढंच विचारलं, "कासरा कुणी सोडला?"

आणि दाजी, तुम्ही, ज्यांना मी सकाळपासून देवमाणूस समजत होते, त्या तुम्ही तलवारीचं टोक माझ्याकडं केलंत. "हिनं. पंख बांधाय दोरी कमी पडली म्हणून म्हशीची सोडली."

मी पाठीमागं हात नेला. पंख काथ्याच्या दोरीनं बांधले होते. चांगल्या जाड दोरीनं. आता सांगा, कोण विश्वास ठेवणार होतं?

तुमच्या आईंनी मला काही केलं नाही. "पोर हाय," म्हणाल्या. पण पंचमंडळींनी ठरवलं, या पोरीला पुन्हा स्टेजवर घ्यायचं नाही. मी मंगळवार पेठेत परतले तर माझ्याआधी गोष्ट पोचलेली. आमच्या वडिलांनी पुढच्या गणपतीत मला नाटकात पाठवलं नाही. म्हणाले, हसं झालं तेवढं बस्स. त्यानंतर मी कधी स्टेजवर उभी राहिले नाही. माझं लग्न झालं, पोरं झाली, गल्लीत कुणाच्या बारशाला, कुणाच्या बाराव्याला मी गोष्टी सांगते आणि लोक पोट धरून हसतात. पण ओट्यावर बसून सांगणं वेगळं आणि उजेडात उभं राहून बोलणं वेगळं. कोडोलीत आजही लहान पोरं मला म्हैसदूत म्हणतात. त्यांच्या आयांनी शिकवलंय.

मला पक्कं ठाऊक होतं, कासरा तुम्हीच नीट बांधला नव्हता. मिशी चिकटवायच्या घाईत असणार. आणि आपली चूक एका सोळा वर्षांच्या पोरीवर ढकललीत. दरवर्षी मी म्हणायचे, "दाजी, कबूल करा," आणि दरवर्षी तुम्ही म्हणायचात, "पुढल्या नाताळला."

वर पुढच्या वर्षापासून दर नाताळला बोलावून त्याच नाटकात तुम्ही मला काय काम दिलंत? पडद्यामागं उभं राहून पाठ सांगायचं. ज्याचं वाक्य अडेल त्याला हळूच पुढचा शब्द द्यायचा. मी आले, कारण पडद्याच्या मागं का होईना, स्टेज होतं. आणि सगळ्यांत जास्त कोण अडायचं? महाराज हेरोद. तुमच्या डोक्यात भुसा भरला होता का, दाजी? तेच नाटक, तीच वाक्यं, आणि दरवर्षी तुम्ही छाती पुढं काढून गरजायचात, "माझ्या राज्यात दुसरा..." आणि खलास. गाडी बंद. डोळे आभाळाला. मी कुजबुजायचे, "राजा." तुम्हाला ऐकू यायचं नाही. मी जरा मोठ्यानं, "राजा!" तुम्ही कानामागं हात न्यायचात. शेवटी मी पडदा फाटेल अशी ओरडायचे, "राजा! दुसरा राजा? कोण तो? कुठं जन्मला? त्याला माझ्यासमोर उभा करा!" सगळं भाषण मीच म्हणून टाकायचे. मांडवात शिट्ट्या, टाळ्या. तुम्ही मिशीवर बोट फिरवत उभे. घरी आल्यावर मी तुम्हाला वाट्टेल ते बोलायचे. गाढवाला पाठ झालं असतं, म्हणायचे. तुम्ही ताट पुढं ओढून म्हणायचात, "सुवा, रस्सा वाढ. आणि वरचा तेलाचा कट जरा जास्त घाल."

हे सगळं पोटात घेऊन मी तुमच्या स्मरणाच्या उपासनेला गेले.

तुमचा फोटो समोर. फोटोतही तुम्ही मटणाचा वास आल्यासारखे हसताय. एकेक जण उठला. कुणी म्हणालं, दानिएलरावांनी दारात आलेल्या माणसाला न जेवता जाऊ दिलं नाही. खरं आहे. तुमचा थोरला म्हणाला, आमचे पप्पा आई बसल्याशिवाय पहिला घास घ्यायचे नाहीत. खरं आहे, मीही पाहिलंय, ताट गार व्हायचं पण तुम्ही बसून राहायचात. मला भरून येत होतं आणि मी ते आवरत होते, कारण सुडाला आलेल्या माणसानं रडून चालत नाही. मग दूध संस्थेचे चेअरमन उठले आणि म्हणाले, "ह्या माणसानं जन्मात कुणावर खोटा आळ घेतला न्हाय."

मी उभी राहिले.

"पाळकसाहेब, मला साक्ष द्यायची आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "आली म्हैसदूत!" हसू पसरलं. बरं झालं. हसणारे लोक माझेच.

मी पुढं गेले. किती वर्षांनी सगळे चेहरे माझ्याकडं वळलेले. आणि मी ती गोष्ट सांगितली. नुसती सांगितली नाही, करून दाखवली. चिमणी झाले, योसेफ झाले, खांबावर चढलेला मेंढपाळ झाले. बाजाची पेटी फुटल्याचा आवाज काढला. पाळकसाहेब रुमाल तोंडावर धरून हलत होते. आणि मग आवाज खाली आणून, बोट तुमच्या फोटोकडं करून, मी म्हटलं, "कासरा मी सोडला नव्हता. ज्यानं सोडला, तो तिथं बसून हसतोय. आज तरी मंडळीनं माझं नाव साफ करावं."

काय सुख वाटलं म्हणून सांगू, दाजी. इतक्या वर्षांचा काटा निघाल्यासारखं.

आणि पहिल्या बाकावरून आवाज आला. "सुवा, खाली बस."

आक्का. तुम्ही गेल्यापासून ती धड दहा शब्द बोलली नव्हती. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि मंडळीकडं वळली.

"ह्यांनी न्हाय सोडला कासरा," ती म्हणाली. "मी सोडलता."



"रेडकू घरात बांधल्यालं. म्हस सारखी वरडाय लागलेली. सड तटतटल्यालं. मला बघवंना. म्हटलं सोडावी, गुमान घरला जाईल, लेकराला पाजंल. मला काय ठावं, ती घरची वाट सोडून बेथलेहेमाकडं जाईल!"

दाजी, चर्चमध्ये असं हसू मी कधी ऐकलं नाही. छपराची पाखरं उडाली. आक्का हसत नव्हती. ती थांबली, आणि लोक थांबल्यावर म्हणाली, "हे मिशी चिकटवत हुभे हुते. ह्यांनी बघितलं. मला म्हणाले, तू गप ऱ्हा. एवढंच. पुढं तुम्हाला ठावं हाय." आणि खाली बसली. बसल्यावर मग रडली. तुम्ही गेलात त्या दिवशी नाही, मातीच्या वेळी नाही, तेव्हा रडली. आणि मी पुढं एकटी उभी, सोळा वर्षांची असताना होते तशीच, हात पसरलेले.

मंडळीनं माझं नाव साफ केलं. आणि माझ्या हातातला शत्रू काढून घेतला.

घरी आल्यावर मी आक्काला स्वयंपाकघरात धरलं. ती भाकरी थापत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"आत्याबाईंची पेटी मोडलीती, सुवा. नवी सून मी. मला जल्मभर त्यांच्या हाताखाली काढायचं हुतं. हे म्हणाले, सुवा चार दिवसांत मंगळवार पेठेला जाईल, तुला हितंच ऱ्हायचं हाय. आत्याबाई असंपतोर कसं सांगायचं? त्या गेल्या, मग मला लाज वाटाय लागली. हे दरवर्षी म्हणायचे, ह्या नाताळला सांगूया. मीच न्हाय म्हणायची. औंदा मात्र म्हणाले, तुझं काय ऐकत न्हाय आता."

म्हणजे तुम्ही खरंच सांगणार होतात.

"त्यांनी माझं स्टेज घालवलं, आक्का," मी म्हटलं. "तुला वाचवायला मला विकलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. मग म्हणाली, "ते त्यास्नी कळत हुतं. तुला वाटतंय हेरोद ह्यांना पाठ न्हवता?"

"गाढवाला झाला असता."

"धार काढताना सगळा म्हणायचे. म्हशीला ऐकवायचे. एक शबूद चुकायचा न्हाय. म्हस पान्हा सोडायची तेवढ्यावर."

"मग मांडवात का अडायचे?"

तिनं माझ्याकडं बघितलं, लहानपणी मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यावर बघायची तसं. "तुझा आवाज निघाय नको व्हय?"

भाकरी फुगली. तिनं ती चुलीपुढं उभी केली. मी परातीतला पुढचा गोळा ओढून भाकरी थापायला लागले. मला माहीत आहे, यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण थापली.

तर दाजी, आता हिशेब ऐका. एक सूड होता, त्याचे दोन झाले. बायकोला वाचवायला मेहुणीचा बळी दिलात, तो पहिला. तो मी कदाचित सोडून देईन, कारण त्या घरात आक्का पुढं हसून राहिली ते मी पाहिलं आहे, आणि तुमच्या आई तिला कधी उणा शब्द बोलल्या नाहीत. पण दुसरा नाही सोडणार. दरवर्षी आख्ख्या गावासमोर स्वतःला खुळा ठरवून घेतलात, माझ्या शिव्या खाल्ल्यात, वर रस्सा मागितलात, आणि मला एकदाही कळू दिलं नाहीत. आभार मानायची जागाच ठेवली नाहीत. अशी फसवणूक माणसानं माणसाची करू नये. ख्रिस्ती माणसानं तर नाहीच.

काल पाळकसाहेब घरी आले होते. म्हणाले, हेरोद कोण करणार? तरुण पोरांनीच माझं नाव सुचवलं म्हणे. "मावशींना पाठ हाय. इतकी वर्सं त्याच तर म्हणत्यात."

मी हो म्हटलं. दोन अटी घातल्या. पहिली, गोठ्यात म्हैस पाहिजे. पाळकसाहेबांचा चेहरा बघायला तुम्ही हवे होतात. पेटी आधी बाहेर काढून ठेवू, म्हणाले. गव्हाणीत वाढं मी स्वतः भरणार आहे. आणि कासरा आक्काच्या हातात देणार आहे, मांडवामागं नाही, उजेडात, सगळ्यांच्या देखत. तिचाही सूड घ्यायचा आहे मला. ती म्हणाली, "मी न्हाय बया." पण संध्याकाळी तिनं ट्रंकेतून तुमच्या वडिलांचा कोट काढून उन्हात घातला, आणि तुमची मिशी एका काड्यापेटीत जपून ठेवलेली होती ती माझ्या हातावर ठेवली. चिमणीच्या केसांची. मी लावून बघितली. तुम्हाला शोभायची त्यापेक्षा मला जास्त शोभते.

दुसरी अट पाळकसाहेबांना कळली नाही. मी म्हटलं, पडद्यामागं पाठ सांगायला कुणालाही उभं करायचं नाही. ते म्हणाले, "पर अडलं तर?"

अडणार आहे. मला सगळं पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण मी फेटा बांधून, छाती पुढं काढून उजेडात उभी राहीन, पन्हाळ्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणेन, "माझ्या राज्यात दुसरा..." आणि थांबेन. मिशीवर बोट फिरवेन. डोळे आभाळाला लावेन. मांडव खोळंबू दे, पोरं शिट्ट्या मारू देत, म्हैस वाढं संपवू दे. मी कानामागं हात धरून उभी राहणार आहे.

आता तुमची पाळी, दाजी. शब्द द्या.